बेबीचा लाभांश

बेबी,

साडेतीनला बाजार बंद झाला. तुझ्या ईटीएफचा भाव कालच्यापेक्षा थोडा वर आहे. मोबाईल हातात घेऊन मी दारापुढच्या सपरीत बसले होते. "वाढला वं" असं म्हणायला तोंडही उघडलं, आणि मग ऐकायला कुणी नाही हे कळलं. मंगेश सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. तेरवीला आलेली माणसं त्याच्या आधीच पांगली. शेजारची मंडळी दोन-तीन दिवस आळीपाळीनं डबा देत होती. आज मीच सांगितलं, आता करते मी माझं. केलं काहीच नाही. सकाळचा भात आहे, तोच खाईन.

तू गेलीस तर रडू येईल हे मला ठाऊक होतं. पण दुपारी चार वाजता काय करायचं, याचा विचार मी कधी केला नव्हता. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही मला दुपारचीच भीती वाटत होती. सकाळ कामात जाते, संध्याकाळी दिवाबत्ती असते, पण दुपार खायला उठते. ती दुपार तू भरून काढलीस, तीही कशानं, तर शेअर बाजारानं. कोंढ्यासारख्या गावात दोन म्हाताऱ्या सपरीत बसून लाभांशावर भांडतात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

गावात तुला सगळे बेबीच म्हणत. केस पांढरे झाले, समोरचे दात गेले, तरी बेबीच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू लग्न होऊन गेलेली होतीस. मग तुझ्या नवऱ्यानं दुसरी आणली आणि तू एक पेटी घेऊन माहेरी आलीस ती कायमची. मी शाळेत जायची, तू घर आणि शेत पाहायचीस. मंगेशला जन्म मी दिला, पण न्हाऊमाखू तू घातलंस. तुझा दादा गेला, मंगेश नोकरीला लागला आणि घरात आपण दोघीच उरलो. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आपलं पटायचं असंही नाही, पण ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी जेवण जात नसे.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा दिसली. तुझ्या हातात कधी स्वतःचा पैसा नव्हता. रोवणीपासून मळणीपर्यंत तू राबलीस, पण धान विकलं की पैसा दादाच्या हातात यायचा. नंतर माझ्या. तुला लागेल तेव्हा तू मागायचीस आणि आम्ही द्यायचो. कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही एवढ्यावर मी समाधानी होते.

मग कालवा आला. बोडीच्या तळ्याकडच्या आपल्या धानाच्या बांध्या त्यात गेल्या. सातबाऱ्यावर दादाच्या बरोबरीनं तुझंही नाव होतं. तलाठ्यानं विचारलं, "बाई, तुम्ही हक्कसोड नाही करून दिलं?" तू म्हणालीस, "कोनी मागितलंच नाही." तुझ्या वाट्याचा मोबदला तुझ्या खात्यात जमा झाला. तू पासबुक भरून आणलंस आणि चुलीजवळ बसून तो आकडा कितीतरी वेळ पाहत होतीस. मी म्हटलं, देवापुढे ठेव. तू म्हणालीस, "ठेवतो ना. पाहू त दे आधी."

थोडी वर्षं तो पैसा बँकेत मुदत ठेवीत राहिला. ठेव सुटली तेव्हा मंगेश घरी आला होता. त्यानं तुला ईटीएफ समजावून सांगितला. "आत्या, एका युनिटात पुष्कळ कंपन्यांचा थोडा थोडा वाटा असतो. आणि ते युनिट शेअरसारखं बाजारात विकत घेता येतं, पाहिजे तेव्हा विकताही येतं. फक्त भाव रोज वरखाली होतो."

तू एकच विचारलंस, "वर्षाकाठी काही हातात भेटते का?"

मंगेश म्हणाला, बहुतेक ईटीएफ काही देत नाहीत, पैसा आतच वाढत राहतो आणि तेच बरं असतं. पण सरकारी कंपन्यांचा एक आहे, तो अधूनमधून लाभांश देतो.

"मंग तोच पाह्यजे."

मी मंगेशच्या बाजूनं होते. त्यानं समजावलं, मी समजावलं. अर्धी रक्कम ठेवीत राहू दे, एवढं तू ऐकलंस. उरलेल्या अर्ध्याचे तू तेच युनिट घेतलेस, आणि मोबाईलवर बोट तुझंच लागलं पाहिजे असा हट्ट धरलास.

पहिला लाभांश दिवाळीच्या मागेपुढे आला. रक्कम लहानच होती. तू एकटी पवनीला गेलीस, पैसे काढलेस, आणि येताना मंडईच्या नाटकाची दोन तिकिटं घेऊन आलीस. खुर्चीची. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, आणि आपण दरवर्षी जायचो. पण बसायचो खाली, बायकांच्या चटईवर. "यंदा खुर्चीत बसून पाहू," तू म्हणालीस. मी पर्स उघडली, तशी तू माझा हात धरलास. "वयनी, आज नाही. आज मी नेऊन राहिली तुमाले." मला नाटक आता आठवत नाही. तू खुर्चीत कशी पाठ टेकून, हाताची घडी घालून बसली होतीस ते आठवतं. ओळखीच्या बायका मागे वळून पाहत होत्या आणि तू कुणाकडेच पाहत नव्हतीस.

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं. मी मास्तरीण, मला राहवेना. पुढच्या लाभांशाच्या वेळी मी तुला मोबाईलवर दोन भाव दाखवले. एक, लाभांशाच्या तारखेच्या आदल्या दिवशीचा. दुसरा, त्या दिवशीचा. दुसरा कमी होता.

"हे पाहा," मी म्हटलं, "जेवढा लाभांश दिला, साधारण तेवढाच भाव उतरला. म्हणजे तुला वरून काही मिळालं नाही. तुझ्याच एका खिशातला पैसा तुझ्याच दुसऱ्या खिशात आला."

तू पोपटीच्या शेंगा सोलत होतीस. आणखी चार शेंगा सोलल्यास. मला वाटलं, जिंकले. मग म्हणालीस, "बोडीतले मासे काढले त बोडीतले मासे कमी होतेच ना वयनी. म्हणून का कोनी खातच नाही?"

"पण आज सोडले तर ते मोठे होतील. त्यांना पिल्लं होतील."

"होतीन. पण मले आता सत्तर होऊन राहिले. मोठे होईपर्यंत मी राहीन का?"

मी म्हटलं, असं बोलू नये. हे उत्तर नव्हतं, हे तुलाही कळलं आणि मलाही.

हिशेबानं मी बरोबर होते, बेबी. आजही आहे. पण तुला तो दुसरा खिसाच पाहिजे होता. पहिल्या खिशात कितीही असलं तरी त्यात हात घालायची तुला सवय नव्हती. युनिट विकून पैसा काढ म्हटलं की तुला वाटायचं, बांधी विकून राहिलो. लाभांश आला की वाटायचं, पीक आलं. दोन्हींत फरक नाही असं मी सांगत राहिले. फरक होता. तो बाजारात नव्हता, तुझ्यात होता, म्हणून मला लवकर दिसला नाही.

आता तू म्हणशील, वयनी, माझं चुकलं तेही लिहा. लिहिते.

मागच्या वर्षी तू मोबाईल घेऊन लगबगीनं आलीस. कुठल्याशा यादीत दुसरा एक फंड सापडला होता, आणि त्याच्यापुढे लाभांशाचा जो टक्का लिहिला होता तो तुझ्या फंडाच्या जवळजवळ दुप्पट होता. "वयनी, माझे सारे विकून याच्यात टाका. दुप्पट देऊन राहिला हा, आन् मी इथं अर्ध्यावर बसली."

मी म्हटलं, थांब. हा टक्का कसा काढतात ते आधी पाहू. गेल्या बारा महिन्यांत एका युनिटवर किती लाभांश दिला, तो आकडा वर. आजचा भाव खाली. भागाकार करायचा, शंभरानं गुणायचं. शंभराच्या युनिटवर चार रुपये मिळाले तर चार टक्के. आता समज, भाव पडून पन्नासवर आला. लाभांश तेच चार रुपये, पण टक्का किती झाला?

तू बोटांवर केलंस. "आठ." मग माझ्याकडे पाहिलंस. "पन त्यानं जास्त त काहीच नाही देल्लं."

"तेच. भाव पडला की टक्का फुगतो. फुगलेला टक्का पाहून पळायचं नाही. मागचा इतिहास काढायचा."

आपण दोघींनी त्या फंडाचा सगळा इतिहास काढला. माझ्या चष्म्याचा नंबर आणि तुझा मोबाईल, एवढ्याशा पडद्यावर दोघींची डोकी एकत्र. मागची वर्षं एकेक करून खाली सरकवली. एका वर्षी थोडं दिलं होतं. एका वर्षी काहीच नाही. त्यानंतरच्या वर्षी थोडं. आणि गेल्या वर्षीच एकदम मोठा लाभांश, तोही एकदाच. भाव मात्र वर्षभर उतरत आलेला. वरचा आकडा एकदाच मोठा झाला होता, खालचा लहान होत होता, आणि दोन्ही मिळून तो टक्का तुला डोळा मारत होता.

तू मोबाईल पालथा ठेवलास. "एका साली धान चांगलं झालं म्हणून कोनाचं शेत ठेक्यानं घेण्यासारखंच झालं हे."

"हो."

"आन् त्या साली पानीच चांगलं पडलं असन."

"हो."

"मंग मघापासून हसून काहून राहिल्या?"

मी हसत नव्हते. पण तुला तसं वाटलं, आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. दोन-चार दिवस मला चहा मिळत होता, पण कप जरा जोरात ठेवला जायचा. युनिट मात्र विकले नाहीस. पाचव्या दिवशी की कधी, तू आपणहून येऊन बसलीस आणि म्हणालीस, "माझ्यावाल्याचाही इतिहास दाखवा."

तुझ्या फंडाचा इतिहास आपण पाहिला. दरवर्षी काहीतरी दिलेलं होतं, पण सारखं नाही. कधी वर्षातून दोनदा, कधी एकदा, एका वर्षी आधीच्या वर्षापेक्षा बरंच कमी. तुला ते कमी झालेलं वर्ष खुपलं. "या साली काहून कमी देल्लं?" मी सांगितलं, आतल्या कंपन्या जे देतात त्यातूनच फंड देतो, आणि किती द्यायचं, द्यायचं की नाही, ते फंडवाले ठरवतात. पक्कं कुणी लिहून देत नाही.

"म्हंजे तुमच्या पेन्शनीसारखं नाही."

"नाही."

"तुमची पेन्शन एक तारखेले हजर होते. माझा हा पाव्हन्यासारखा. येईन त येईन." तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "पन पाव्हना आला त बरं वाटते."

तेव्हापासून आपला तो नेमच झाला. बाजार बंद झाला की भाव पाहायचा, टक्का किती झाला ते तू तोंडी काढायचीस आणि मी तपासायची. तू बहुतेक वेळा बरोबर असायचीस. चुकलीस तर म्हणायचीस, मोबाईल चुकला. मी आयुष्यभर मुलांना भागाकार शिकवला, बेबी. तुझ्याएवढ्या आवडीनं कुणी केला नाही. तू माझ्या दुपारी मला परत दिल्यास, आणि त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. आपल्यात तशी रीत नव्हती.

मग या हिवाळ्यात तुझे पाय सुजले. दम लागायला लागला. लाखोरीची भाजी खुडायला गेलीस आणि बांधावरच बसून राहिलीस, तिथून तुला शेजाऱ्यांनी आणलं. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलं आहे, आम्ही प्रयत्न करतो. मी तुला सांगितलं, पाणी काढतील अंगातलं, मग घरी जाऊ.

दवाखान्यातही चार वाजता तू विचारायचीस, "भाव काय?"

त्या दिवशी तुझा चेहरा जरा बरा होता. उशाला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "यावेळचा लाभांश सांगितला का त्यायनं?"

"सांगितला. कुणाच्या नावावर युनिट आहेत ते पाहतात, ती तारीखही झाली. युनिट तुझ्या नावावर होते, म्हणजे येईल तुझ्या खात्यात."

"यावेळी काढू नका. त्याचे युनिटच घ्या."

मला हसू आलं. "इतकी वर्षं मी हेच सांगत होते, तेव्हा ऐकलं नाहीस."

"आता ऐकून राहिली ना."

"आता मी सांगत नाही. घरी चल, आणि काढ. चांगला गरम कोट घे, थंडीत कुडकुडतेस. मासे खायला कुणाची परवानगी पाहिजे?"

तू मान हलवलीस. "राहू द्या वाढत. तुमच्यासाठी."

नॉमिनी म्हणून तू माझं नाव लावलं होतंस. मंगेश फॉर्म भरत होता तेव्हा माझ्यासमोरच सांगितलं होतंस, त्यात लपवाछपवी नव्हती. पण ते तेव्हा फॉर्ममधलं नाव होतं. आता तू ते तोंडानं म्हणत होतीस, आणि मला ते सहन झालं नाही.

"मला पेन्शन आहे," मी म्हटलं.

"तुमची पेन्शन तुमची. हे माझ्याकडून. इतके वर्ष या घरात खाल्लं म्या."

"म्हणजे बिल चुकतं करून राहिली का?"

मी चिडूनच बोलले. तुलाही लागलं. तू उठून बसायला लागलीस, धाप लागली, तरी बोललीस, "बिल नाही वयनी, मले..."

तेवढ्यात सिस्टर आली. रक्त काढायचं होतं, मला बाहेर जायला सांगितलं. परत आत सोडलं तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले होते. दुसऱ्या दिवशी तू हात हलवून पाणी मागितलंस, मंगेश आला का ते खुणेनं विचारलंस. बोललीस मात्र नाही. मंगेश पोचला, आणि तू गेलीस.

"मले..." यापुढे काय होतं, बेबी? मले द्यावं वाटते? मले तुमची काळजी वाटते? की मलेही एकदा कोणाले काही ठेवून जायचं आहे? गेले कित्येक दिवस मी ते वाक्य पुरं करते आहे. भांडी घासताना करते, अंगण झाडताना करते. कोणतंच तुझ्या आवाजात बसत नाही. तू नक्कीच काहीतरी वेगळं बोलली असतीस, आणि मग त्यावरून पुन्हा आपलं वाजलं असतं. वाजायला पाहिजे होतं. वाद अर्धा राहिला की घर किती मोकळं लागतं, ते तुला कळणार नाही. तू कधी या घरात एकटी राहिली नाहीस. मी तुला राहू दिलं नाही, तू मला राहू दिलं नाहीस.

तू या घरात खाल्लंस असं म्हणालीस. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते मी रागात गिळलं. मी शाळेतून यायची तेव्हा ताट वाढलेलं असायचं. मंगेश तापानं फणफणला तेव्हा तो तुझ्या मांडीवर होता. दादा गेल्यावर वर्षभर तू माझ्या खोलीत खाली अंथरूण टाकून झोपलीस आणि का, ते कधी सांगितलं नाहीस. कोण कुणाच्या घरात खात होतं?

मंगेश जाण्याआधी काल आम्ही दोघं भंडाऱ्याला बँकेच्या शाखेत गेलो. गाडी कारध्याच्या पुलावर आली तेव्हा मंगेश म्हणाला, "आई, आत्याचे युनिट तुझ्या नावावर आले की विकून टाकू. दुसऱ्या फंडात घालतो. लाभांश नाही, पण वाढ चांगली. तूच तर नेहमी म्हणायची."

मी नदीकडे पाहत होते. म्हटलं, "नाही. तिचे आहेत तसेच राहू दे."

"काहून?"

"येऊ दे वर्षाकाठी काही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मांडीवरचे बँकेचे कागद नीट लावायला लागला. पोरगा शहाणा आहे, तुझ्या हाताखाली वाढला.

शाखेतली मुलगी तरुण होती, नम्र होती. तिनं मृत्यूचा दाखला पाहिला, माझं आधार कार्ड पाहिलं. म्हणाली, डिमॅट खात्यातले युनिट तुमच्या नावावर होतील, बचत खात्यातली रक्कमही, त्यात नुकताच लाभांश जमा झालेला दिसतो. मग तिनं विचारलं, "काकू, या तुमच्या कोण?"

"नणंद."

"त्यांची मुलं?"

"नाहीत."

"मिस्टर?"

"ते नव्हतेच."

तिनं टाईप करता करता थांबून विचारलं, "म्हणजे त्यांचं कोणीच नाही?"

"मी आहो ना," मी म्हटलं.

आवाज मोठा निघाला असावा. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. मंगेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी "सॉरी काकू" म्हणाली आणि मला पाणी दिलं. मी सही केली.

तर मी घेतलं, बेबी. वाद घालणार नाही. तू म्हणालीस तसे युनिट वाढवायचे, की मी म्हटलं तसा लाभांश काढायचा, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. यावेळचा मी काढणार आहे. तो बँकेत पडून राहू देणार नाही, खर्च करणार आहे. कशावर करू ते सुचत नाही, आणि विचारायला तू नाहीस.